थोरल्याने निवडलेली गन

मित्रांनो, मी एक जुना ठोक्याचा ड्रायव्हर आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. मला बॅटरी नाही, वायर नाही, बटण नाही. वीतभर लांबीचा पोलादाचा जाड ठोकळा, एवढाच माझा देह. माझे टोक गंजून बसलेल्या स्क्रूच्या खाचेत घालायचे, मला मुठीत घट्ट आवळायचे आणि माझ्या डोक्यावर हातोडा हाणायचा. ठोका बसला की माझ्या पोटातली तिरकी खाच मला किंचित फिरवते. त्यामुळे टोक स्क्रूत रुततेही आणि वळतेही. दोनचार ठोक्यांत भल्याभल्या स्क्रूंची मस्ती उतरते. डोक्यावर मार खाऊन काम करणारे तुमच्यात किती निघतील, हे तुम्हीच आठवून पाहा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. भट्टीत तापवून, तेलात बुडवून मला कणखर केले गेले. माझ्याबरोबर शेकडो भाऊ जन्मले. त्यातले निम्मे तरी कोणाच्या तरी माळ्यावर बिनकामाचे गंजून मेले असतील. कारण माणसे हत्यार घेतात ती कामासाठी नव्हे, घेतल्याचे समाधान मिळावे म्हणून. मी मात्र नशिबाचा निघालो. मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मला उचलले आणि आपल्या गॅरेजात नेले.

ते गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट शेड. मध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा, भिंतीला लागून एक जाड लाकडी टेबल, टेबलावर लोखंड घट्ट पकडून धरणारा शेगडा, आणि वर खिळ्यांना टांगलेले पाने. जमीन तेल पिऊन पिऊन काळी झाली होती. मला आणणारा तो माणूस म्हातारा होऊन गेल्यावर ते सगळे त्याच्या दोन मुलांकडे आले. थोरला भाऊ आणि धाकटी बहीण. गिऱ्हाइकेही त्यांना थोरला आणि धाकटी असेच म्हणत.

थोरला अंगाने दांडगा. चाके, सस्पेन्शन, सायलेन्सर, जिथे जोर लागतो ती सारी कामे त्याची. धाकटी अंगाने काटकुळी, पण तिच्या बोटांना डोळे होते. ब्रेक आणि इंजिन ती पाहायची. नट हाताने दोन वळसे फिरवला की त्याचे आटे कुठे मेलेत हे तिला कळत असे. दोघांचे पटत असे, म्हणजे दिवसभर भांडण आणि दुपारी एकाच डब्यात जेवण.

माझे सोन्याचे दिवस थोरल्याच्या हातात गेले. गाडी जॅकवर, तो खड्ड्यात, हात डोक्याच्या वर, डाव्या मुठीत मी आणि उजव्या हातात हातोडा. खालून वर ठोका मारणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. एकदा ब्रेकच्या डिस्कचा एक स्क्रू तीन गॅरेजांना दाद न देता आमच्याकडे आला. थोरल्याने मला लावले, हाणले, आणि स्क्रू निमूट बाहेर आला. त्याने मला चिंधीने पुसले आणि बहिणीला म्हणाला, "हा आहे तोवर आपल्याला मरण नाही."

असली वाक्ये ऐकली की समजून जावे, आपल्या हकालपट्टीची तयारी सुरू झाली.

झाले असे, की थोरल्याचा उजवा खांदा जाम होऊ लागला. वर्षानुवर्षे डोक्यावर हातोडा चालवल्याचे ते फळ. आधी तो ठोका मारून थोडा थांबायचा. मग शर्टाच्या बाहीत हात घालताना दातांवर दात आवळू लागला. पण बोलेल तर शपथ. शटरची कडी वर होती ती त्याने खाली बसवून घेतली आणि म्हणाला, "आता अशीच पद्धत आहे." डाव्या हाताने भांग पाडू लागला आणि भांग वाकडा आला की वाऱ्याला शिव्या घालायचा. धाकटीला सगळे दिसत होते.

"दादा, डॉक्टरला दाखव ना," ती म्हणाली.

"कशाला? रात्री कुशीवर झोपलो होतो, अवघडलाय."

"गेल्या पावसाळ्यापासून कुशीवरच झोपलायस वाटतं?"

"तू तुझे ब्रेक बघ."

आणि मग त्या दांडग्या माणसाने, जो आयुष्यभर नटाच्या आवाजावरून तो किती घट्ट आहे हे ओळखत आला, गन विकत घ्यायचे ठरवले. माझ्यासारख्याची जागा घेणारी, बॅटरीवर चालणारी, ठोके देत नट फिरवणारी इम्पॅक्ट गन. ठरवायला हरकत नव्हती. पण निवडली कशी, ते ऐका आणि कपाळाला हात लावा.

तो फोनवर व्हिडिओ पाहत बसू लागला. त्यात स्वच्छ कपड्यांतला एक माणूस, ज्याच्या नखात तेलाचा डागसुद्धा नव्हता, गन हातात धरून ओरडायचा, "हिची ताकद बघा!" मग एक भलामोठा बोल्ट फिरायचा आणि खाली आकडा झळकायचा. थोरल्याने तेवढा आकडाच पाहिला. गनचे वजन किती, ते पाहिले नाही. ताकद कमी-जास्त करता येते का, ते पाहिले नाही. अरुंद जागेत तिचे थोबाड शिरेल का, तेही नाही. गाडीवर स्क्रू असतात, छोटे बोल्ट असतात, चाकाचे नट असतात, आणि प्रत्येकाला वेगळी खुशामत लागते, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. पण दुखऱ्या खांद्याच्या माणसाला मोठ्या आकड्याची भूल पडते. एके दिवशी तो बहिणीला न सांगता दुकानात गेला आणि सगळ्यात मोठी गन उचलून घेऊन आला.

काय तिचा थाट! प्लास्टिकची बॅग, आत मऊ फोमची गादी, गादीत तिच्या अंगाच्या मापाचा खळगा. हत्याराला गादी! मी आयुष्यभर खिळ्याला टांगलेला. रंग असा भडक, की लग्नातल्या मांडवालाही लाज वाटावी. आणि बटण दाबले की जो आवाज करायची, तो ऐकून शेजारचा शिंपी शिलाई सोडून पाहायला आला. तीही ठोकेच मारते बरे का. पण आतल्या आत, लपूनछपून, आणि वर गोंगाट करून सगळे श्रेय घेते.

थोरल्याने चाकाचा नट क्षणात काढून दाखवला. शिंपी म्हणाला, "अरे वा, आता तुला भीमच म्हणायला पाहिजे!" आणि मित्रांनो, किती दिवसांनी थोरल्याच्या चेहऱ्यावर हसू आले. ते हसू धाकटीने मोडले नाही. नंतर एवढेच म्हणाली, "दादा, काढायला ही ठीक आहे. बसवताना मात्र हिच्या भरवशावर राहू नकोस. शेवटचा पीळ टॉर्क पान्याने दे."

टॉर्क पाना म्हणजे आमच्यातला शिस्तीचा मास्तर. नट पुरेसा आवळला की तो कट् असा आवाज करतो. त्यानंतर हात थांबवायचा.

"घट्ट बसलेलं वाईट असतं का कधी?" थोरला हसला.

"असतं. उद्या उघडायचंही असतं ना."

"अगं, गन आहे आता. उघडेल."

"गन तुझ्याकडे आहे. गिऱ्हाइकाच्या डिकीत नाही."

त्याने कानाआड केले. टॉर्क पाना उचलायला, त्यावर जोर द्यायला खांदा लागायचा. गनला फक्त एक बोट लागायचे. खरे कारण एवढेच होते, पण ते त्याने तोंडातून काढले नाही.

मी खिळ्यावर टांगलेला राहिलो. माझ्यावर धूळ बसली. एकदा ब्रेकच्या डिस्कच्या छोट्या स्क्रूवरही थोरल्याने तीच गन चालवली. मुंगीवर तोफ! स्क्रूचे डोके उडून टेबलाखाली गेले आणि उरलेले धड काढण्यासाठी धाकटीला ड्रिल घेऊन सबंध दुपार बसावे लागले. मी वरून पाहत होतो. मला बोलता आले असते, तर मी काय म्हटले असते ते मुलांच्या पुस्तकात छापता येणार नाही.

त्याच सुमारास वाचनालयातल्या बाई आपली जुनी निळी गाडी घेऊन आल्या. चार नवे टायर घालायचे होते. बाई शांत, हळू बोलणाऱ्या. त्यांच्या आईच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तिला रक्त शुद्ध करून घ्यायला इस्पितळात न्यावे लागे. गाडी त्यासाठीच ठेवलेली. थोरल्याने टायर घातले आणि गन लावून सगळे नट आवळले. भर्रर्र करून गन थांबली तरी त्याने बोट उचलले नाही. आणखी थोडे, आणखी थोडे. बाई म्हणाल्या, "आता काळजी नाही ना?" तो म्हणाला, "चाक गळून पडायचं नाव घेणार नाही."

ते मात्र त्याने खरे करून दाखवले.

पुढचे मी बाईंच्या तोंडून ऐकले. त्या पायी आल्या होत्या. केस विस्कटलेले, तळहाताला पट्टी. धाकटीने स्टूल पुढे केले, त्या बसल्या नाहीत.

"परवा इस्पितळाच्या रस्त्यावर पंक्चर झाली गाडी," त्या म्हणाल्या. "बायपासवर. आई मागच्या सीटवर. मला स्टेपनी बदलता येते, मी घाबरले नाही. गाडीतला पाना लावला. नट हलेना. मी पान्यावर उभी राहिले. दोन्ही पायांनी उड्या मारल्या. नट हलला नाही हो, पाना वाकला."

थोरला म्हणाला, "तो कंपनीचा पाना हलकाच असतो..."

"माझं होऊ दे आधी." बाईंचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला. "एक ट्रकवाला थांबला. त्याने पान्याला पाइप लावून जोर दिला, तर बोल्टच तुटला. तोही हात चोळत राहिला. म्हणाला, 'ताई, हे कोणी आवळलंय? माणसाने की राक्षसाने?' तोवर आईला धाप लागली होती. शेवटी भाजीच्या टेम्पोत, पोत्यांवर आडवी करून नेलं तिला. पोचेपर्यंत छातीत पाणी साठलं होतं. अजून तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात, वाचेल बहुतेक."

गन तिच्या गादीत पहुडली होती. तिला काय त्याचे!

"मी तुमच्याकडे भांडायला आले नाहीये," बाई म्हणाल्या. "गाडी तिथेच उभी आहे. चाक सोडवून द्या. मग मी दुसरीकडे जाईन."

बहीणभाऊ गाडीकडे गेले. हत्यारांच्या पेटीत मीही होतो, धाकटीने काय लागेल म्हणून भिंतीवरचे सगळेच पेटीत भरले होते. थोरल्याने गन आणली नाही. का, ते त्याने सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. त्याने लांब दांड्याचा पाना लावला, पाय रोवले आणि ओढला. नट जागचा हलला नाही. त्याच्या तोंडून मात्र असा आवाज निघाला, की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला वळून पाहू लागला. खांदा धरून तो गाडीला टेकून खाली बसला. धाकटीने पाइप घेतला, पाना धरला आणि साऱ्या अंगाचे वजन टाकून एकेक नट सोडवला. आपण आवळलेले आपल्याला उघडत नाही आणि बहीण ते उघडते आहे, हे तो खाली बसून पाहत राहिला. भीम म्हणे!

मी कोणाची कीव करत नाही. तरी त्या दिवशी त्याच्याकडे पाहवले नाही.

त्यानंतर थोरल्याने हत्यार धरणे सोडले. सकाळी यायचा, दारापाशी खुर्ची टाकून बसायचा. गिऱ्हाईक आले की बहिणीकडे बोट दाखवायचा. एकदा म्हणाला, "ती गन विकून टाक."

"तिने काय केलं?" धाकटीने गाडीखालूनच विचारले. "बटण तिच्या बोटाखाली होतं का?"

थोरला खुर्ची रस्त्याकडे वळवून बसला.

ती बाहेर आली. हात पुसत त्याच्यासमोर उभी राहिली. "दादा, मला एकटीला चाकं उचलणं जमणार नाही. आणि सस्पेन्शनची कुरकुर ओळखणारे तुझ्यासारखे कान कोणाला नाहीत. ऊठ. आज आपण दोघं मिळून जाऊ दुकानात."

"आता परत गन?"

"परत नाही. पहिल्यांदाच. तेव्हा तू आकडा विकत घेतला होतास."

तिने मला चिंधीत गुंडाळून पिशवीत टाकले, सोबत टॉर्क पाना आणि ती मोठी गन. कसले काम करायचे आहे ते दुकानदाराला दिसावे म्हणून. असा मी त्या दुकानात पोचलो. काचेच्या कपाटात रंगीत गना ओळीने मांडलेल्या, अंगावर धुळीचा कण नाही, आयुष्यात एक बोल्ट पाहिलेला नाही, आणि रुबाब सेनापतीचा. दुकानदार पुढे सरसावला. "सगळ्यात पॉवरफुल दाखवू?"

"नको," धाकटी म्हणाली. "ती नेऊन झाली."

तिने आम्हाला काउंटरवर मांडले. दुकानदाराने मला उचलले, हातात तोलले. "हा ठोक्याचा का? हल्ली कोण वापरतं हो असलं!" त्याच्या मऊ तळहाताची मला किळस आली. धाकटी म्हणाली, "आम्ही वापरतो. जिथे तुमच्या कुणाची डाळ शिजत नाही तिथे. आता असं सांगा, छोट्या बोल्टांना काय, आणि चाकाला काय?"

दुकानदार जरा शुद्धीवर आला. त्याने दोन हत्यारे काढली. एक बुटका ड्रायव्हर, तोंडाला सहाकोनी भोक. "हा स्क्रूंना आणि लहान बोल्टांना. चाकाच्या नटाला लावू नका, तिथे त्याचा जीव पुरत नाही." दुसरी मध्यम गन, तोंडाला चौकोनी खुंटी. "ही चाकाला. हिच्यात ताकदीच्या पायऱ्या आहेत. काढताना वरची ठेवा, बसवताना सगळ्यात खालची, आणि शेवट हाताने. दोन्हींना बॅटरी एकच चालते."

धाकटीने ड्रायव्हर भावाच्या हातात दिला. "वर धर. खड्ड्यात उभा आहेस असं समज."

थोरल्याने हात उचलला. डोळ्यांपर्यंत गेला. तिने त्याच हातात आमची मोठी गन दिली. हात कोपराच्या उंचीवरच थांबला. दुकानदार म्हणाला, "अहो, तुमच्यासारख्या दणकट माणसाला काय जड आहे!"

थोरल्याने गन काउंटरवर ठेवली. बहिणीकडे पाहिले नाही, दुकानदाराकडे पाहिले. "माझा खांदा उचलत नाही," तो म्हणाला. "वर्ष होऊन गेलं. मला हलकं द्या."

मित्रांनो, मी त्या माणसाला मनगटाएवढ्या गंजलेल्या बोल्टांशी झुंजताना पाहिले आहे. पण ते वाक्य काढायला त्याला जेवढा जोर लागला, तेवढा दुसऱ्या कशाला लागलेला मी पाहिला नाही. दुकानदाराला काहीच कळले नाही. तो खोकी शोधायला आत गेला. धाकटी भिंतीवरचे हातोडे पाहू लागली, बराच वेळ, जणू पहिल्यांदाच हातोडे पाहत होती.

त्यांनी बुटका ड्रायव्हर आणि मध्यम गन घेतली. मोठी गन एका क्रेन दुरुस्त करणाऱ्याला देऊन टाकली. थोरला डॉक्टरकडेही गेला, दोरी आणि कप्पीचे व्यायाम करू लागला आणि तेव्हा शिंपी पाहायला आला, तरी थांबला नाही. गनने काढायचे, हाताने पहिले वळसे द्यायचे, टॉर्क पान्याचा कट् ऐकून थांबायचे. पाना ओढण्याचे काम तो आता डाव्या हाताने करू लागला. सुरुवातीला वेळ लागायचा. गिऱ्हाईक कुरकुरले की म्हणायचा, "घाई असेल तर समोर गॅरेज आहे." आणि गाडी सोडताना एक नवी रीत त्याने पाडली. गिऱ्हाइकाच्या डिकीतला पाना काढून त्याच्याच हातात द्यायचा आणि म्हणायचा, "एक नट उघडून दाखवा. मग जा." गिऱ्हाइके हसायची. ती कशालाही हसतात.

मग एके दिवशी निळी गाडी दारात येऊन उभी राहिली. बाई दुसरीकडे जाणार होत्या, गेल्याही होत्या. पण मागच्या सीटवरून त्यांची आई उतरली. काडीसारखी म्हातारी, हाताला पट्टी, नजर मात्र धारेची.

"टायर कोणी बसवले होते?" तिने विचारले.

थोरला पुढे आला. "मी."

"मला बघायचा होतास तू. मी पोत्यांवर पडले होते ना, तेव्हा ठरवलं होतं. वाचले तर बघून येईन." तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. "हिने वाचनालयात ऐकलं, तू आता गिऱ्हाइकाकडून नट उघडून घेतोस. घे माझ्याकडून."

"आई, अगं काहीतरीच काय?" बाई म्हणाल्या.

"तू गप्प बस."

थोरल्याने चाकाचे नट सोडवले, पुन्हा बसवले. टॉर्क पान्याने एकेक आवळला. प्रत्येक कट् म्हातारीने कान देऊन ऐकला. मग त्याने गाडीतला नवा पाना नटावर आडवा बसवला आणि तिला आधार द्यायला शेजारी एका गुडघ्यावर बसला. म्हातारीने एक पाय पान्यावर ठेवला. तोल सावरायला हात टेकला तो नेमका त्याच्या उजव्या खांद्यावर. मग दुसरा पाय उचलून तिने सारे वजन टाकले.

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला. धाकटी धावली. त्याने मान हलवून तिला तिथेच थांबवले. तोंडातून हूं की चूं काढले नाही. पाना कुरकुरला, आणि नट सुटला.

म्हातारी खाली उतरली. धापा टाकत सुटलेल्या नटाकडे पाहत राहिली. "एवढंच होतं?"

"एवढंच," थोरला म्हणाला. "त्या दिवशी मी जास्त आवळला. माझी चूक होती, आई."

तिने पदराने कपाळ पुसले. मग म्हणाली, "बसव परत. मला उशीर होतो, आज माझा इस्पितळाचा दिवस आहे."

त्याने नट बसवला, आवळला, कट् ऐकून थांबला. ती गाडीत बसली. पुढच्या सर्व्हिसिंगला बाई आमच्याकडेच आल्या.

तर मित्रांनो, आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. शेजारी तो बुटका ड्रायव्हर टांगलेला असतो. मला तो आवडत नाही, पण निदान तो बढाई मारत नाही, आणि त्याला गादीही लागत नाही. हट्टी स्क्रू आला की धाकटी मला उतरवते. थोरला नाही, त्याला डॉक्टरांनी हातोडा मना केला आहे.

तुम्ही मोठे व्हाल, दुकानात जाल आणि मोठा आकडा बघून भुलाल, मला खात्री आहे. तरी सांगतो. हत्यार घेताना आधी काम बघा, मग आपला हात बघा, आणि तुम्ही आवळलेले उद्या कोणाला उघडावे लागेल त्याचाही हात बघा. दुखत असेल तर वेळेवर बोला. आणि घरातल्या जुन्या हत्याराला वर्षातून एकदा तरी तेलाचे बोट लावा. तेवढे तर तुम्हालाही जमेल.